इंग्रजी शब्दाची जात ओळखायची कशी?

'आय ॲम ॲग्री.' मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य इतकं सहज येतं, की ते चूक आहे असं सांगितलं तरी पटत नाही. मराठीत आपण 'मी सहमत आहे' म्हणतो. 'मी' म्हणजे 'आय', 'आहे' म्हणजे 'ॲम', 'सहमत' म्हणजे 'ॲग्री'. तिन्ही शब्द बरोबर, तरी वाक्य चूक. कारण मराठीतलं 'सहमत' हे विशेषण आहे आणि इंग्रजीतलं 'ॲग्री' हे क्रियापद. मूळ रूपातल्या क्रियापदाला इंग्रजीत 'ॲम' जोडता येत नाही. 'आय ॲग्री' एवढंच म्हणायचं.

इथे काळ चुकलेला नाही, स्पेलिंगही चुकलेलं नाही. चुकली आहे ती शब्दाची जात, म्हणजे शाळेत 'पार्ट्स ऑफ स्पीच' या नावाने शिकलेली गोष्ट. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. वर्षं वाढली, पण ही चूक आहे तिथेच आहे. मला विचाराल तर दोष मुलांचा नाही, हा धडा शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. 'नाऊन म्हणजे व्यक्ती, वस्तू, स्थळ किंवा गुण यांचं नाव' ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पण व्याख्या बोलते अर्थाबद्दल, आणि इंग्रजीत शब्दाची जात नुसत्या अर्थावरून कळत नाही. ती कळते शब्द वाक्यात कुठे बसलाय त्यावरून.

या लेखात तेवढंच करायचं आहे: जागेवरून जात ओळखायला शिकायचं. इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत. वाचताना वही जवळ ठेवा आणि ती रोमन लिपीत, स्पेलिंगसकट लिहून पाहा.

आठचा आकडा

मराठी व्याकरणातही आपण आठच शब्दजाती शिकलो: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. इंग्रजीतही नाऊन, प्रोनाऊन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. हा योगायोग नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केलं आणि पुढे आपलं शालेय व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच रचलं गेलं. आपली जुनी परंपरा वेगळी होती. यास्काच्या निरुक्तात पदांचे चारच प्रकार आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. इंग्रजीतसुद्धा आठ या आकड्यावर एकमत नाही. 'अ', 'ॲन', 'द' यांना कोणी विशेषणांत घालतं, कोणी वेगळं काढतं. आजचे बरेच व्याकरणकार 'धिस', 'माय', 'सम', 'एव्हरी' यांच्यासह त्यांचा 'डिटर्मिनर' नावाचा निराळा गट करतात. परीक्षेत आठ विचारले तर आठ लिहावेत, आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी फसगत होते ती दुसरीकडे. दोन्ही भाषांत जातींची नावं जुळतात, म्हणून एका भाषेतल्या नामाला दुसरीतही नामच मिळेल असं आपण धरून चालतो. तसं होत नाही.

जागा बघा

मराठीत शब्दांची नाती प्रत्यय सांभाळतात. 'रामाने रावणाला मारलं' म्हणा, 'रावणाला रामाने मारलं' म्हणा, किंवा कीर्तनकारासारखं 'मारलं रामाने रावणाला' म्हणा, कोण मेला याबद्दल शंका राहत नाही. इंग्रजीत 'ने' नाही आणि 'ला' नाही. 'राम किल्ड रावण' या वाक्यातली दोन नावं अदलाबदल केली की रामायणच उलटं होतं. कर्ता क्रियापदाच्या आधी, कर्म नंतर. प्रत्ययाचं काम तिथे जागा करते. त्यामुळेच एकच शब्द जागा बदलली की जात बदलतो.

'वेल' हा शब्द घ्या. 'अ डीप वेल' म्हणजे खोल विहीर, इथे तो नाम. 'शी सिंग्ज वेल', ती छान गाते, इथे क्रियाविशेषण. 'आय ॲम नॉट वेल', मला बरं नाही, इथे विशेषण. 'वेल, लेट अस स्टार्ट' यात नुसता उद्गार. आणि 'टिअर्स वेल्ड अप इन हर आइज', तिच्या डोळ्यांत पाणी दाटून आलं, इथे चक्क क्रियापद. स्पेलिंग एकच, जाती पाच. 'वेल'चा पार्ट ऑफ स्पीच कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या वाक्यातला 'वेल', असं उलट विचारावं.

मग ओळखायचं कसं? व्याख्येऐवजी रिकाम्या जागेची परीक्षा घ्या. ज्या शब्दाआधी 'द' किंवा 'माय' लावून वाक्य सुरू करता येतं ते नाम. 'आय कॅन' नंतर जो चालतो ते क्रियापद. 'इट सीम्स' नंतर किंवा 'व्हेरी' नंतर जो शोभतो ते बहुधा विशेषण. क्रिया कशी, कधी, कुठे, कितपत झाली हे सांगणारा आणि बहुतेक वेळा काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं असा शब्द क्रियाविशेषण. 'ॲग्री' या चाळणीतून काढून बघा. 'आय कॅन ॲग्री' चालतं, 'इट सीम्स ॲग्री' चालत नाही. म्हणजे क्रियापद. 'सक्सेस' घ्या. 'आय कॅन सक्सेस' कानाला खटकतं, 'माय सक्सेस' ठीक वाटतं. म्हणजे नाम. ही चाळणी दर वेळी अचूक चालेल असं नाही. 'डेड' विशेषण आहे, पण कोणी 'व्हेरी डेड' झालेलं नसतं. रोजच्या शंभरांतल्या बहुतेक शब्दांना मात्र ती पुरते.

नामाच्या आधी दुसरं नाम बसवून पहिल्याकडून विशेषणाचं काम करून घेणं हीही इंग्रजीची सवय आहे. 'ट्रेन टिकेट', 'शू शॉप', 'फाइव्ह-इयर प्लॅन'. अशा जागी पहिलं नाम सहसा एकवचनी राहतं. म्हणून पाच वर्षांची योजना असली तरी 'फाइव्ह-इयर्स प्लॅन' नाही आणि शंभराची नोटही 'हंड्रेड-रुपी नोट', 'रुपीज' नव्हे.

भूक लागते, पण 'हंग्री' असावं लागतं

मराठी माणसाला भूक 'लागते', राग 'येतो', भीती 'वाटते', झोप 'येते'. भूक, राग, भीती, झोप ही सगळी नामं. ती बाहेरून आपल्याकडे येतात आणि आपण 'मला' होऊन बसतो. इंग्रजीत या सगळ्यांची विशेषणं होतात आणि माणूस कर्ता होतो: 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम अँग्री', 'आय ॲम अफ्रेड', 'आय ॲम स्लीपी'. तहान लागली की 'थर्स्टी', थंडी वाजली की 'कोल्ड', लाज वाटली की 'अशेम्ड', अभिमान वाटला की 'प्राउड'. 'मला आवडतं' मध्ये तर सगळं एका क्रियापदात मावतं: 'आय लाइक इट'.

हा फरक एकदा कळला की 'टू मी हंगर इज कमिंग' छापाची वाक्यं डोक्यात तयार होणंच थांबतं. भावना किंवा शरीराची अवस्था सांगायची असेल तर इंग्रजीत आधी विशेषण शोधा. ते सापडलं की 'आय ॲम' लावा.

याच वाटेवर आणखी एक खड्डा आहे. मराठीत आपण 'बोअर झालो' म्हणतो आणि इंग्रजीत बोलताना 'आय ॲम बोअरिंग' म्हणून मोकळे होतो. त्याचा अर्थ होतो, 'मी कंटाळवाणा माणूस आहे'. कंटाळा आणणारा तो 'बोअरिंग', कंटाळा आलेला तो 'बोअर्ड'. सिनेमा 'इंटरेस्टिंग', प्रेक्षक 'इंटरेस्टेड'. बातमी 'शॉकिंग', ऐकणारा 'शॉक्ड'. मुलाखतीत 'आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब' म्हणणारा उमेदवार न कळत स्वतःचंच कौतुक करत असतो.

'करणे'ने केलेली सवय

मराठीत कुठलाही इंग्रजी शब्द घ्यायचा आणि पुढे 'करणे' किंवा 'होणे' लावायचं, की झालं क्रियापद: कॅन्सल करणे, मिस करणे, सक्सेस होणे, कन्फ्युजन होणे. सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे मूळ शब्द नाम होता की क्रियापद होता हे पाहण्याची गरजच पडत नाही. मग इंग्रजीत 'ही इज सक्सेस इन एक्झाम' येतं.

उपाय एकच आहे. शब्द सुटा पाठ करू नका, त्याचं कुटुंब पाठ करा. 'सक्सीड' क्रियापद, 'सक्सेस' नाम, 'सक्सेसफुल' विशेषण, 'सक्सेसफुली' क्रियाविशेषण. 'डाय' क्रियापद, 'डेथ' नाम, 'डेड' विशेषण. तो वारला म्हणजे 'ही डाइड'. तो हयात नाही म्हणजे 'ही इज डेड'. त्याच्या मृत्यूनंतर म्हणजे 'आफ्टर हिज डेथ'. 'ही वॉज डेथ' किंवा 'ही इज डाइड' म्हणणाऱ्याला कुटुंब ठाऊक असतं, घरात कोण कोणाचं कोण हे ठाऊक नसतं.

वहीचं पान उभं चार भागांत विभागा: नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. नवा शब्द भेटला की चारही रकाने भरायचा प्रयत्न करा. एखादा रिकामा राहिला तरी चालेल. थोड्याच दिवसांत शेपट्या ओळखीच्या होतील. शेवटी 'शन', 'मेंट', 'नेस' किंवा 'इटी' आलं तर बहुधा नाम: 'एज्युकेशन', 'पेमेंट', 'काइंडनेस', 'ॲबिलिटी'. 'फुल', 'लेस', 'अस', 'एबल' आलं तर विशेषण: 'यूजफुल', 'केअरलेस', 'डेंजरस', 'रिलायेबल'. 'आइझ' किंवा 'इफाय' आलं तर क्रियापद: 'ऑर्गनाइझ', 'सिम्प्लिफाय'. 'ली' आलं तर बहुतेक वेळा क्रियाविशेषण. पण 'फ्रेंडली', 'लव्हली' आणि 'कॉस्टली' ही विशेषणं आहेत. 'ही स्पोक फ्रेंडली' चूक, 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे' बरोबर.

काही जोड्यांत स्पेलिंग आणि उच्चार जरासेच हलतात. नामाच्या शेवटी 'एफ', क्रियापदाच्या शेवटी 'व्ही' हा ठसा पाहा: 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह', 'प्रूफ' आणि 'प्रूव्ह'. 'ॲडव्हाइस' हे नाम, त्यात 'सी'. 'ॲडव्हाइझ' हे क्रियापद, त्यात 'एस'. विक्री म्हणजे एस-ए-एल-ई आणि विकणे म्हणजे एस-ई-एल-एल. मराठी कानाला दोन्ही 'सेल'च ऐकू येतात, त्यामुळे फ्लॅटच्या जाहिरातींत 'फॉर'च्या पुढे दोन 'एल' असलेला शब्द लिहिला जातो. 'फॉर'नंतर नाम लागतं हे माहीत असेल तर तिथे ए-एल-ई सोडून काही लिहिणार नाही.

'रेकॉर्ड'सारख्या शब्दांत स्पेलिंग तेच राहतं, जोर सरकतो. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, 'रे'वर. क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि उच्चार 'रिकॉर्ड' असा होतो. 'प्रेझंट' म्हणजे भेट, 'प्रिझेंट' म्हणजे सादर करणे. 'परमिट', 'इम्पोर्ट', 'ऑब्जेक्ट' यांनाही हाच नियम. वाचनाने हे कळत नाही, ऐकावं लागतं.

नामांचे प्रकार पाठ करण्यापेक्षा

प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, ॲबस्ट्रॅक्ट ही वर्गवारी परीक्षेपुरती ठीक आहे. बोलताना आणि लिहिताना एकच भेद सतत आडवा येतो: मोजता येणारं नाम आणि मोजता न येणारं नाम. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'होमवर्क' यांना इंग्रजी मोजत नाही. म्हणून 'इन्फर्मेशन्स' नाही आणि 'ॲन ॲडव्हाइस'ही नाही. एक सल्ला द्यायचा तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. मराठीत केस अनेकवचनी आणि बातम्याही अनेकवचनी. इंग्रजीत मात्र 'हर हेअर इज लाँग' आणि 'द न्यूज इज बॅड'. उलट आपल्याकडे कात्री एक आणि चष्मा एक, पण तिकडे 'द सिझर्स आर ऑन द टेबल', 'माय ग्लासेस आर ब्रोकन'. याला तर्क लावत बसू नये, शब्दासोबतच शिकावं.

आर्टिकलचं भय जरा कमी करता येईल. आपल्या गोष्टी कशा सुरू होतात? 'एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा 'एक', दुसऱ्यांदा ओळख झाल्यामुळे नुसता 'राजा'. इंग्रजीत पहिल्यांदा 'अ किंग', ओळख झाल्यावर 'द किंग'. 'द'चा अर्थ एवढाच: कोणता ते तुला ठाऊक आहे. अडचण येते ती जिथे मराठीत 'एक' म्हणत नाहीत तिथे. 'ती शिक्षिका आहे' याचं 'शी इज टीचर' होत नाही, 'शी इज अ टीचर' म्हणावं लागतं. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं राहत नाही. त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी हवंच. वाक्य लिहून झालं की फक्त ही एक तपासणी केली तरी आर्टिकलच्या बऱ्याच चुका निघून जातात. 'अ' की 'ॲन' हे उच्चारावर ठरतं, अक्षरावर नाही: 'ॲन अवर', 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन एमएलए'. नद्यांना 'द' लागतो, 'द गोदावरी'. पर्वतरांगांना लागतो, एकट्या शिखराला लागत नाही.

सर्वनामांत फार अडत नाही. आदरार्थी अनेकवचन तेवढं सोडून द्यायचं. साहेब 'आले' तरी इंग्रजीत 'ही केम', 'दे' नाही. मराठीत 'उद्या येतो' म्हटलं की कर्ता कळतो, इंग्रजीत 'आय' उच्चारावाच लागतो. पाऊस पडला तरी कर्ता हवा, म्हणून 'इट इज रेनिंग'. आणि ओळख करून देताना 'मायसेल्फ सुरेश' नको, 'आय ॲम सुरेश' पुरे.

प्रिपोझिशन: इथे वेळ द्या

मराठीत 'टेबलावर', इंग्रजीत 'ऑन द टेबल'. आपलं शब्दयोगी नामाच्या मागे चिकटतं, त्यांचं पुढे सुटं उभं राहतं. ही उलटापालट सगळे लवकर शिकतात. चुका होतात त्या मराठी शब्दयोगीचं भाषांतर करण्यात. आपण त्याच्या'वर' रागावतो, ते 'अँग्री विथ हिम' होतात. आपण कुत्र्या'ला' घाबरतो, ते 'अफ्रेड ऑफ डॉग्ज'. आपण गणिता'त' हुशार, ते 'गुड ॲट मॅथ्स'. 'वर' म्हणजे 'ऑन' आणि 'त' म्हणजे 'इन' हे समीकरण डोक्यातून काढून टाका. प्रिपोझिशन आधीच्या शब्दासोबत पाठ करायचं: 'अँग्री' नाही, 'अँग्री विथ'. 'डिपेंड' नाही, 'डिपेंड ऑन'.

'डिस्कस अबाउट' ही चूक शिकल्यासवरल्या लोकांतही दिसते. तिचं मूळ शब्दजातीतच आहे. 'डिस्कस' हे सकर्मक क्रियापद, ते कर्म थेट घेतं: 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम'. त्याचं नाम 'डिस्कशन'. नामाला थेट कर्म घेता येत नाही, मध्ये प्रिपोझिशन लागतं: 'अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम'. आपण नामाचं 'अबाउट' उचलून क्रियापदाला लावतो. एकदा हे दिसलं की पूर्ण रांगच दिसू लागते. 'आन्सर द क्वेश्चन', पण 'द आन्सर टू द क्वेश्चन'. 'रिक्वेस्ट हिम', पण 'अ रिक्वेस्ट टू हिम'. 'एम्फसाइझ द पॉइंट', पण 'एम्फसिस ऑन द पॉइंट'. 'एंटर द रूम', पण 'एंट्री टू द रूम'. लग्नातही हेच. 'शी मॅरीड हिम' यात मध्ये काही नाही, 'शी इज मॅरीड टू हिम' यात 'टू' आहे. 'विथ' कुठेच नाही. 'रीच', 'अटेंड', 'कॉन्टॅक्ट', 'रिझेम्बल' ही क्रियापदंही थेट कर्म घेतात. उलट 'लिसन'ला 'टू' आणि 'वेट'ला 'फॉर' हवंच.

दुसरा नियम सोपा आहे आणि फार उपयोगी. प्रिपोझिशननंतर नाम येतं किंवा नामासारखं वापरलेलं 'इंग'चं रूप येतं, मूळ क्रियापद येत नाही. ई-मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहिलेलं रोज दिसतं. तिथला 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' हवं. हा 'टू' कोणता हे कसं कळणार? त्याच्यापुढे साधं नाम ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग' चालतं ना, मग तो प्रिपोझिशन. 'आय वाँट टू द मीटिंग' चालत नाही, म्हणून 'आय वाँट टू मीट'. याच कसोटीवर 'आय यूज्ड टू वॉक', मी पूर्वी चालायला जात असे, आणि 'आय ॲम यूज्ड टू वॉकिंग', मला चालायची सवय आहे, ही वाक्यंही वेगळी पडतात.

वेळेचे तीन शब्द चटकन: घड्याळाला 'ॲट', दिवसाला किंवा तारखेला 'ऑन', महिना आणि वर्षाला 'इन'. 'ॲट फाइव्ह', 'ऑन मंडे', 'इन जून'.

'बिकॉज' आणि 'बिकॉज ऑफ'

स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची ही आवडती जागा. 'बिकॉज' हे कंजंक्शन, त्यानंतर कर्ता-क्रियापद असलेलं उपवाक्य येतं: 'बिकॉज इट वॉज रेनिंग'. 'बिकॉज ऑफ' प्रिपोझिशनचं काम करतं, त्यानंतर नाम येतं: 'बिकॉज ऑफ द रेन'. 'ऑलदो' आणि 'डिस्पाइट' यांचं हेच नातं आहे, 'व्हाइल' आणि 'ड्युरिंग' यांचंही. 'व्हाइल आय वॉज स्लीपिंग', पण 'ड्युरिंग द नाइट'. अर्थ जवळपास एकच असतो, त्यामुळे अर्थावरून उत्तर शोधणारा इथे हमखास अडकतो. पुढे क्रियापद आहे का एवढं बघणारा पाच सेकंदांत सुटतो. 'डिस्पाइट'पुढे 'ऑफ' लावायचं नाही, ते 'इन स्पाइट'ला लागतं.

मराठीतली जोडअव्ययं इंग्रजीत ओढून नेऊ नयेत. 'जरी' आलं की आपल्याला 'तरी' लागतंच. इंग्रजीत 'ऑलदो' आलं की 'बट' येत नाही, 'बिकॉज' आलं की 'सो' येत नाही. दोन वाक्यांना जोडायला एकच कंजंक्शन पुरतं. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' मधलं 'नाही' इंग्रजीत गळून पडतं: 'वेट अनटिल ही कम्स'.

क्रियाविशेषणाबद्दल दोनच सूचना. 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात, पण 'इज' आणि 'आर'च्या नंतर: 'शी ऑलवेज कम्स लेट', पण 'शी इज ऑलवेज लेट'. आणि 'ली' दिसली की डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 'आय वर्क हार्ड' म्हणजे मी कष्ट करतो, 'आय हार्डली वर्क' म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही. चव, वास, दिसणं सांगणाऱ्या क्रियापदांनंतर विशेषणच येतं: 'द मँगो टेस्ट्स स्वीट', 'स्वीटली' नव्हे.

'ओह', 'वाव', 'अलास' यांना केवलप्रयोगीत टाका आणि पुढे चला. 'अलास' आता बोलण्यात फारसं कोणी वापरत नाही, ते बहुधा व्याकरणाच्या पुस्तकांतच भेटतं.

कोश आणि सराव

इंग्रजी-मराठी कोश अर्थ देतो, वापर शिकवायला तो पुरत नाही. त्यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला 'लर्नर्स डिक्शनरी' प्रकारचा कोश हवा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या माणसाला शब्दाचा अर्थ कळला तरी तो वाक्यात बसवता येत नाही, हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला आणि आजची 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' त्याच्यातूनच वाढली. अशा कोशात शब्दापुढे त्याची जात दिलेली असते, नामापुढे 'सी' किंवा 'यू' असतं, म्हणजे मोजता येणारं की न येणारं. सोबत कोणतं प्रिपोझिशन येतं तेही असतं आणि वाक्यही असतं. अर्थ वाचून कोश मिटू नका, हे चारही पाहा. फोनवर असे कोश फुकट मिळतात.

सरावासाठी इंग्रजी वर्तमानपत्रातला एक छोटा परिच्छेद घ्या. त्यातल्या प्रत्येक शब्दाला जात लावत बसू नका, कंटाळा येईल. आधी फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. मग प्रत्येकाचा कर्ता शोधा. तो नाम किंवा सर्वनाम निघेल. मग प्रिपोझिशनांना गोल करा आणि प्रत्येक गोलाच्या आधीचा शब्द पाहा, ती जोडी वहीत उतरवा. एवढं रोज केलं तर बाकीच्या जाती आपोआप जागेवर पडतात.

सुरुवात करायला आजचे पाच शब्द देतो: 'डिसाइड', 'चॉइस', 'स्ट्राँग', 'लॉस', 'बिलीव्ह'. वहीतल्या चार रकान्यांत यांची कुटुंबं भरा, प्रत्येकाचं एक वाक्य लिहा, मग कोशाशी ताडून पाहा. 'चॉइस'च्या क्रियापदाचं आणि त्याच्या भूतकाळाचं स्पेलिंग मात्र कोश उघडण्याआधी स्वतः लिहून बघा, तिथे एका 'ओ'चा फरक आहे.